तुरुंग भरू न देणारा फौजदार

(जिल्हा मेळाव्यात कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी तुम्हाला एका पोलिसाची आठवण सांगणार आहे. शेतकऱ्यांच्या मेळाव्यात पोलिसाची आठवण निघते ती बहुधा लाठीची, नाहीतर पहाटे दार वाजवून कार्यकर्त्याला उचलून नेल्याची. या माणसाची गोष्ट वेगळी आहे. त्याने आंदोलकांवर लाठी चालवू दिली नाही, कुत्री सोडली नाहीत, शिव्यासुद्धा देऊ दिल्या नाहीत. आणि तरीही एका फार मोठ्या आंदोलनाला त्याने आठ-नऊ महिन्यांत थकवून परत पाठवले. येत्या हंगामात रस्त्यावर उतरायचे आपण ठरवतो आहोत. त्याआधी या माणसाची ओळख करून घ्यावी, असे मला वाटते.

सुरुवात आपल्या घरापासून करतो. काही वर्षांपूर्वी कापसाच्या भावासाठी आमच्या तालुक्याला जेलभरो झाला. मी शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस, नोकरी सोडून चळवळीत येऊन फार दिवस झाले नव्हते. अंगात जोर होता. गावोगाव फिरून आम्ही माणसे जमवली. तहसीलवर घोषणा दिल्या, गाड्यांत चढलो. गाड्या कुठे गेल्या? एका मंगल कार्यालयात. तिथे सतरंज्या घातलेल्या, पंखे चालू, मोठ्या घमेल्यात पोहे. फौजदार स्वतः उभा राहून चहा द्यायला लावत होता. दिवे लागायच्या सुमारास सगळ्यांना सोडले. जाताना मला म्हणाला, "साहेब, पुढच्या वेळी चार दिवस आधी सांगत जा. पोह्यांत शेंगदाणे घालता येतील."

आम्ही हसलो. गावात आलो तेव्हा छाती फुगलेलीच होती. दुसऱ्या दिवशी पारावर एका म्हातारीने मला थांबवले. ती आमच्याबरोबर गाडीत होती. म्हणाली, "भाऊ, पोहे त चांगले होते. पन कापूस घरातच हाये ना!"

त्या वाक्याने माझी झोप उडाली. आमचे कुठे चुकले ते मला तेव्हा कळले नाही. पुढे बऱ्याच दिवसांनी अमेरिकेतल्या एका छोट्या शहराच्या पोलिसप्रमुखाची गोष्ट वाचनात आली, तेव्हा कळले.

त्याचे नाव लॉरी प्रिचेट. जन्म १९२६ चा, मृत्यू २००० साली. अमेरिकेच्या दक्षिणेला जॉर्जिया नावाचे राज्य आहे. तिथल्या ऑल्बनी शहराचा तो पोलिसप्रमुख होता. तिकडे शहराचे पोलीस नगरपालिकेच्या हाताखाली असतात. शहराबाहेरच्या भागात निवडून आलेला शेरीफ असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

ऑल्बनी हा मूळचा कापसाचा मुलूख. जमीन गोऱ्यांची आणि राबणारे काळे, आधी गुलाम म्हणून आणि गुलामी गेल्यावर बटाईदार म्हणून. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या काळ्या विद्वानाने १९०३ साली आपल्या पुस्तकात याच भागाचे वर्णन केले आहे. कापूस निघायच्या आधीच तो दुकानदाराकडे गहाण पडलेला असतो, आणि वर्षाच्या शेवटी बटाईदाराकडे कर्जच उरते, असे ते वर्णन. पुढे बोंड पोखरणारा एक सोंडकिडा तिथे शिरला. आपल्याकडे तो नाही. त्याने कापूस बसवला आणि शेतकरी भुईमुगाकडे वळला. पीक बदलले, पण माणसाची पायरी बदलली नाही. १९६० साली शहराची वस्ती ५६ हजारांच्या आसपास होती. दर दहा माणसांत चार काळी. त्यांना बसस्थानकावर वेगळी खोली, वाचनालयात मज्जाव, पोहण्याच्या तलावात मज्जाव. महाडला १९२७ साली चवदार तळ्यावर बाबासाहेबांना जे करावे लागले, ते आठवा म्हणजे तिथली स्थिती समजेल. मतदार यादीत नाव घालायला जाणाऱ्या काळ्या माणसाची नोकरी जायची, कधी जीवही जायचा.

१९६१ च्या पावसाळ्यानंतर चार्ल्स शेरॉड आणि कॉर्डेल रेगन हे दोन तरुण कार्यकर्ते तिथे आले. शेरॉडचे वय चोवीस. नोव्हेंबरमध्ये शहरातल्या सगळ्या काळ्या संघटना एकत्र आल्या आणि 'ऑल्बनी मूव्हमेंट' उभी राहिली. डॉ. विल्यम अँडरसन हे तिचे अध्यक्ष. डिसेंबरच्या मध्यापर्यंत पाचशेच्या वर माणसे तुरुंगात गेली होती. मग डॉक्टरांनी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांना बोलावले. १६ डिसेंबरला मोर्चा निघाला, किंग यांच्यासह अडीचशेच्या वर लोक पकडले गेले. अटकेचा आकडा सातशेच्या पुढे गेला.

दक्षिणेतला नेहमीचा पोलीस अशा वेळी काय करायचा? दंडुका काढायचा. मग वर्तमानपत्रांत छायाचित्रे यायची, देश हादरायचा आणि केंद्र सरकारला हात घालावा लागायचा. प्रिचेटने हे ओळखले होते. किंग येणार हे कळल्यावर त्याने त्यांची पद्धत अभ्यासली. किंग गांधींकडून शिकले हे त्याला कळले, तेव्हा त्याने गांधींचाही अभ्यास केला. मिठाचा सत्याग्रह काय होता, तुरुंग भरून सरकारची कोंडी कशी केली, हे त्याने समजून घेतले. आपल्या पुसदच्या रानात १९३० साली बापूजी अणे यांनी गवत कापून जंगल सत्याग्रह केला, त्यामागचे शास्त्र हेच. सरकारकडे कोठड्या मोजक्या आहेत आणि आपल्याकडे माणसे अमाप आहेत. कोठड्या संपल्या की सरकार बोलणीला येते.

या शास्त्रावर प्रिचेटने उतारा काढला. त्याने नकाशा घेतला आणि आपल्या शहराभोवती वर्तुळे काढली. आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या तुरुंगांशी बोलून ठेवले. दहा हजार कैद्यांची सोय आपण करून ठेवली होती, असे त्याने पुढे एका मुलाखतीत सांगितले. पकडलेली माणसे शहरात ठेवायचीच नाहीत, बाहेर पाठवायची. त्यामुळे ऑल्बनीचा तुरुंग कधी भरलाच नाही. चळवळीकडची माणसे संपत आली, जामिनाचे पैसे संपले, पण प्रिचेटच्या कोठड्या संपल्या नाहीत.

दुसरे, त्याने आपल्या शिपायांना शिकवले की कोणी तोंडावर थुंकले तरी हात उचलायचा नाही. मोर्चेकरी रस्त्यात गुडघे टेकून प्रार्थना करायचे, तेव्हा हाही टोपी काढून मान खाली घालायचा. प्रार्थना संपली की सगळ्यांना अटक करायचा.

तिसरी गोष्ट वकिलाच्या डोक्याची होती. काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवणारा कायदा मोडला म्हणून तो कोणाला पकडायचा नाही. तसे केले असते तर तो कायदाच वरच्या न्यायालयात उभा राहिला असता. तो पकडायचा विनापरवाना मोर्चा काढला म्हणून, शांतताभंग केला म्हणून. आपल्याकडे जमावबंदीचा हुकूम काढतात, त्यातलाच हा प्रकार. कापसाच्या भावाबद्दल कोणी बोलत नाही, खटला चालतो रस्ता अडवल्याचा.

डिसेंबरमध्ये शहराच्या पुढाऱ्यांनी तडजोड केली. तडजोड तोंडी. त्या भरवशावर किंग जामीन घेऊन बाहेर आले, शहर सोडून गेले, आणि पुढाऱ्यांनी शब्द फिरवला. केंद्राच्या न्यायखात्याचे मंत्री रॉबर्ट केनेडी यांच्याकडून मात्र प्रिचेटचे अभिनंदन झाले. का? तर शांतता राखली म्हणून.

जुलै १९६२ मध्ये किंग आणि त्यांचे सहकारी राल्फ अॅबरनथी यांना शिक्षा झाली. १७८ डॉलर दंड, नाहीतर ४५ दिवस कैद. दोघांनी कैद पत्करली, कारण किंग आत बसले की देशाचे लक्ष ऑल्बनीवर राहणार होते. दोन दिवसांत कोणा अनामिकाने दंड भरून टाकला आणि प्रिचेटने दोघांना बाहेर काढले. दंडाची सोय शहराच्या गोऱ्या पुढाऱ्यांच्या बाजूनेच झाली होती, हे पुढे उघड झाले. सत्याग्रहीला तुरुंगातून हाकलून देणारा फौजदार, मंडळी, तुम्ही पाहिला नसेल.

त्याच महिन्यात एका रात्री पोलिसांवर दगड-बाटल्या आल्या. फेकणारे बहुतेक बाजूला उभे असलेले तरुण होते. दुसऱ्या दिवशी प्रिचेट पत्रकारांना विचारत होता, हे अहिंसक दगड पाहिलेत का? किंग यांना मोर्चे थांबवून प्रायश्चित्ताचा दिवस पाळावा लागला. ऑगस्टमध्ये ते ऑल्बनीतून गेले. हातात काही पडले नव्हते. वर्तमानपत्रांनी लिहिले की किंग हरले आणि प्रिचेट जिंकला.

आता या माणसाबद्दल न्यायाने बोलले पाहिजे. प्रिचेट क्रूर नव्हता. त्यानेच सांगितलेली एक हकीकत आहे. आंदोलन ऐन भरात असताना त्याला बायकोची तार आली. किंग यांनी विचारले, काही वाईट बातमी आहे का? तो म्हणाला, नाही, आज आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे. किंग म्हणाले, मग घरी जा, उद्यापर्यंत इथे काही होणार नाही, हा माझा शब्द. आणि त्यांनी तो पाळला. पुढच्या मुलाखतींत प्रिचेट किंग यांच्याविषयी आदरानेच बोलत राहिला.

मग याला चांगला माणूस म्हणायचे का? इथे जिल्ह्याच्या त्या शेरीफांकडे वळू. ज्या बाहेरच्या तुरुंगांत प्रिचेट माणसे पाठवत होता, तिथे त्याची शिस्त नव्हती आणि कॅमेरेही नव्हते. मिचेल जिल्ह्यातल्या कॅमिला गावच्या तुरुंगात जुलै १९६२ मध्ये मॅरियन किंग ही गरोदर बाई कैद्यांसाठी जेवण घेऊन गेली होती. तुरुंगाच्या माणसांनी तिला लाथा घालून खाली पाडले. पुढे तिचे मूल गेले. त्याच महिन्यात ऑल्बनीतच आंदोलनाचे वकील सी. बी. किंग यांचे डोके जिल्ह्याच्या शेरीफने काठीने फोडले. ऑगस्ट-सप्टेंबरात आसपासच्या खेड्यांत काळ्यांची प्रार्थनामंदिरे जाळली गेली. प्रिचेटचा शहरातला रस्ता स्वच्छ होता. घाण रस्त्यापलीकडे होती, आणि माणसे गाडीत घालून तिकडे पाठवणारा हात त्याचाच होता.

किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे प्रसिद्ध पत्र लिहिले, त्यात प्रिचेटचे नाव आहे. पोलीस चारचौघांत शांतपणे वागले, पण त्या चांगल्या साधनाने त्यांनी अन्यायच टिकवून धरला, असा त्या उल्लेखाचा आशय आहे. मला वाटते, प्रिचेटबद्दल याहून न्याय्य बोलता येणार नाही. आपल्या मंगल कार्यालयातल्या फौजदाराबद्दलही हेच. त्याचे पोहे मनापासूनचे असतील. त्याच्याशी माझे भांडण नाही. पण ते पोहे कशाच्या बदल्यात मिळाले, ते म्हातारीने बरोबर ओळखले.

पण किंग हरून गप्प बसले नाहीत. ऑल्बनीत आपली काय चूक झाली हे त्यांनी पुढे स्वतः सांगितले. सगळ्या भेदभावाविरुद्ध एकदम लढा दिला. बस, वाचनालय, तलाव, नोकऱ्या, मतदान, सगळे एकाच वेळी. त्यामुळे एकही गोष्ट हातात आली नाही आणि लोक निराश झाले. एकच ठळक गोष्ट धरली असती, तर ती मिळाली असती आणि हुरूप वाढला असता.

आपण कोरडवाहूवाले, आपल्याला हे चटकन समजावे. शेततळ्यात थोडेसे पाणी आहे. पावसाने ताण दिला आहे. ते पाणी दहा एकरांवर शिंपडले तर ढेकूळसुद्धा भिजत नाही. तेच पाणी पाते-बोंडे धरण्याच्या वेळी दोन एकर पऱ्हाटीला द्या, किंवा ज्वारी पोटरीत असताना द्या, तर तेवढे पीक पदरात पडते. आंदोलनाची ताकद हे शेततळ्यातले पाणी आहे. ते अमाप नसते.

दुसरी चूक दाब कोणावर आणायचा, याची. काळ्यांची मते फार थोडी होती, तर नगरपालिकेच्या सभासदांना त्यांची भीती कशाला? पण पैसे त्यांच्याही खिशात होते. १९६२ च्या सुरुवातीला ऑल्बनीच्या काळ्या लोकांनी शहर बसवर बहिष्कार घातला. थोड्याच दिवसांत बस कंपनी टेकीला आली, भेदभाव सोडायला तयार झाली. नगरपालिकेनेच हमी द्यायला नकार दिला आणि बस बंद पडली. म्हणजे धंदेवाला वाकला होता, खुर्चीवाला वाकला नव्हता.

हा धडा घेऊन १९६३ च्या वसंतात चळवळ बर्मिंगहॅमला गेली. तिथे ऐन सणाच्या खरेदीत बाजारपेठेतल्या दुकानांवर बहिष्कार टाकला. तिथला पोलीस खात्याचा अधिकारी बुल कॉनर अगदी उलट स्वभावाचा. प्रिचेटने तिथे जाऊन त्याला शहाणपण सांगून पाहिले. त्याने ऐकले नाही. लहान मुलांवर पाण्याचे फवारे आणि कुत्री सोडली. छायाचित्रे जगभर गेली. १० मे १९६३ ला दुकानदारांनी तडजोड केली आणि २ जुलै १९६४ ला नागरी हक्कांचा कायदा झाला.

म्हणून कोणी असे समजू नये की आपल्याला कॉनर मिळावा. फौजदार कसा मिळेल हे आपल्या हाती नाही, आणि पोरांची डोकी फुटावीत अशी आशा धरून आंदोलन करू नये. आपले आंदोलन असे हवे की समोर प्रिचेट आला तरी ते चालेल.

त्यासाठी चार गोष्टी मी या मेळाव्यापुढे ठेवतो. पहिली, मागणी एकच, आणि तारीख असलेली. पहिल्या वेच्याचा कापूस घरात येईल त्या आठवड्यात खरेदी केंद्र सुरू पाहिजे, ही मागणी असू शकते. ज्वारीच्या पैशांची असू शकते. ती कोणती, हे दुपारच्या बैठकीत तुम्ही ठरवा. पण दहा कलमी निवेदन घेऊन मी यापुढे तहसीलवर येणार नाही. दुसरी, आपल्यामुळे कोणाचा व्यवहार अडतो हे आधी लिहून काढा. नुसता रस्ता अडवला तर एस.टी.तला आपलाच भाऊ अडतो. तिसरी, बोलणी करणारी माणसे आधीच ठरवा, आणि सही-शिक्क्याच्या कागदाशिवाय उठू नका. ऑल्बनीत संघटनांचे आपसांत पटत नव्हते आणि प्रिचेटच्या कानावर चळवळीतल्या सगळ्या बातम्या जात होत्या, हेही विसरू नका. चौथी, दगडाला हात घालणारा आपल्यात कोणी असेल तर त्याला पोलिसांनी धरायच्या आधी आपण धरू.

शेवटी, पुढे काय झाले ते सांगतो. ऑल्बनीच्या नगरपालिकेने १९६३ च्या मार्चमध्ये भेदभावाचे नियम पुस्तकातून काढून टाकले. काढतानाही खोडी केलीच. वाचनालय सर्वांना उघडले, पण बसायच्या खुर्च्या उचलून नेल्या. प्रिचेट पुढे उत्तर कॅरोलायनातल्या हाय पॉइंट शहरात पोलिसप्रमुख म्हणून गेला. शेरॉड मात्र ऑल्बनीतच राहिला. १९७६ मध्ये तो त्याच नगरपालिकेवर निवडून आला.

आणि त्याने शेतीही केली. १९६९ मध्ये शेरॉड आणि त्याच्या साथीदारांनी शेजारच्या ली जिल्ह्यात पाच हजार एकरांवर जमीन सामूहिक मालकीची म्हणून घेतली. त्या कल्पनेमागे इस्रायलमधल्या सामूहिक शेतीबरोबर आपल्या पवनारच्या विनोबांचे ग्रामदानही होते. पुढे दुष्काळ पडला. सरकारी कर्ज गोऱ्या शेतकऱ्यांना मिळाले, यांना अडवले, आणि १९८५ मध्ये जमीन गेली. ते न्यायासाठी भांडत राहिले. २००९ मध्ये १ कोटी २० लाख डॉलर भरपाईचा निकाल झाला. २०११ मध्ये त्यांनी ऑल्बनीजवळ एका जुन्या गुलाममालकाचा सोळाशे एकरांचा मळा विकत घेतला. शेरॉड २०२२ मध्ये वारला, तोवर तो त्याच भागात होता.

ज्याने तुरुंग भरू दिला नाही त्याचा विजय एका उन्हाळ्याचा होता. जो गावात टिकून राहिला त्याचे काम अजून उभे आहे. आमच्या तालुक्याला आम्ही पोहे खाऊन घरी आलो आणि पुढच्या आठवड्यात कोणीच कोणाकडे गेले नाही. चूक तिथे झाली. या वेळी मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी कोण कोणत्या गावात जाणार, त्याची यादी मोर्चाच्या आधी झाली पाहिजे. ती यादी आज दुपारी करू. माझे नाव त्या म्हातारीच्या गावासमोर लिहा. तिला उत्तर द्यायचे राहिले आहे.